धाकलीच्या गळ्यातली अक्का

धाकली कुठल्याच प्रश्नाचं उत्तर लगेच देत नसे. तिचा उजवा अंगठा आधी गळ्याशी जायचा. मंगळसूत्राखाली काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक छोटा पत्रा होता, त्यावरून तो एकदा वरून खाली फिरायचा आणि मग ती म्हणायची, "अक्काला इचारून सांगतो." भाजीवाल्यानं मेथीची जुडी पुढं केली तरी हेच आणि डॉक्टरांनी इंजेक्शन घेणार का म्हणून विचारलं तरी हेच. गडहिंग्लजच्या बाजूच्या बायका बोलतात तशी ती 'सांगतो', 'येतो' असंच बोलायची. अक्का मरून तेव्हा वीसेक वर्षं झाली होती.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात जिल्ह्याच्या बातम्या पाहत होते आणि मंगळवार पेठेत अण्णांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. खाली रस्त्याच्या अंगाला अण्णांचं पेंड-सरकीचं दुकान होतं. मागं दोन खोल्या आणि न्हाणी. त्या दोन खोल्यांत अण्णा, त्यांची दुसरी बायको धाकली आणि पहिल्या बायकोची मुलगी शैला अशी तीन माणसं राहत. धाकली म्हणायची, "तीन न्हवं, चार."

चौथी म्हणजे तिच्या गळ्यातली अक्का. आमच्या भागात घरातल्या गेलेल्या माणसांचे चांदीचे टाक करून देव्हाऱ्यात ठेवतात. सवतीच्या टाकाची रीत वेगळी. पहिली बायको गेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की पहिलीची आकृती उठवलेला टाक दुसरीच्या गळ्यात बांधतात. आपली जागा दुसरीनं घेतलेली गेलेलीला सहन होत नाही, पण तिला गळ्यात मान दिला तर ती त्रास देत नाही, असा त्यामागचा समज. धाकलीच्या टाकावर एक बाई होती. पाय जुळवलेले, हात अंगालगत सोडलेले. नाक-डोळे अंगठ्याखाली झिजून गेले होते. चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा राहिला होता.

धाकलीचं खरं नाव पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूनं "ही थोरली, तू धाकली" असं सांगून टाक बांधला, तेव्हापासून ती सगळ्यांची धाकली झाली. रॉकेलचा गाडेवालासुद्धा खालून हाळी द्यायचा, "धाकले, भरू का डबा? का अक्काला इचारायचंय?" ती दारातनं ओरडायची, "भर की मुडद्या! अक्का म्हंती, माप पुरं घाल." गल्ली हसायची. तीही हसायची. पण हसताना अंगठा टाकावरच असायचा.

तिच्या दिवसाला एक क्रम होता. कुंकू आधी टाकाला, मग स्वतःला. ताटातला पहिला घास टाकाला लावून मग तोंडात. दिवाळीच्या साडीची घडी मोडायच्या आधी तिचा पदर टाकावर टेकवायचा. साडी अक्कानं नेसली, आपण तिची उतरलेली नेसतो, असा तिचा हिशेब. अण्णांना या सगळ्याची लाज वाटे. दुकानात गिऱ्हाईक असलं आणि धाकली आतून बाहेर आली, की ते मान फिरवायचे. एकदा ते माझ्यादेखत म्हणाले, "काढ की ते आता. आमची आई बी गेली, बघायला कोन न्हाय. लोक हसत्यात."

"हसू देत," धाकली म्हणाली. "तुमचं लगीन दोनदा झालं. माझं एकदाच झालं, पन दोघांशी झालं."

हे प्रेम नव्हतं, निदान सुरुवातीला तरी नव्हतं. टाक बांधताना सासूनं तिच्या कानात सांगितलं होतं, "हिला दुखवलंस तर ही तुला न्हेईल." धाकली तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. अक्का काविळीनं गेलेली, तिची दोन वर्षांची पोर घरात रांगत होती. चालायच्या वयात तापानं तिचा एक पाय बारीक राहिला होता. धाकलीनं मला सांगितलं ते असं : "पयलं वरीसभर मी त्या पोरीवर डोळं वटारलं न्हाईत. माया म्हनून न्हवं गं. भ्या वाटायचं. वाटायचं, हिला एक चापट मारली तर दोरा आपोआप आवळंल. मग पोरीला सवय झाली माझी. मला बी झाली. आता कोन कुनाला भितंय, ते अक्काला बी सांगता याचं न्हाय."

शैलाला तिनं वाढवलं. शैला लंगडत चालायची, बालवाडीत शिकवायची आणि धाकलीला आई म्हणायची. धाकलीला स्वतःचं मूल झालं नाही. त्याबद्दल कुणी हळहळलं तर ती अंगठा टाकावर ठेवून म्हणायची, "एक दिलंय की हिनं."

माझ्या कामाशी तिचा संबंध एकाच गोष्टीपुरता होता. संध्याकाळी मी जिना चढायला लागले, की ती न्हाणीच्या दारातून विचारायची, "आज कुनी भाजली काय गं, पेपरवाले?" त्या काळी आमच्या टेबलावर तालुक्यांहून अशा बातम्या नेमानं येत. मथळा जवळजवळ ठरलेला असे : स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. गाव, वय, सासरचं आडनाव, रुग्णालयात नेताना किंवा उपचारादरम्यान, एवढा मजकूर. आतल्या पानावर चार ओळी. धाकलीला वाचायला अक्षर लावून वेळ लागे, पण या चार ओळी ती रोज शोधून वाचायची. एकदा पेपर घडी करून माझ्या हातात देत ती म्हणाली, "इस्टू बी मानूस वळखतोय बघ. सासूजवळ कवा भडकत न्हाय, नवऱ्याजवळ कवा भडकत न्हाय. सुनंचं पाऊल बरूबर वळखतोय."

मग तिनं विचारलं, "हिचा टाक करतील का गं?"

"कुणाचा?"

"हिचा. ही गेली की ह्यो दुसरी करनारच. तिच्या गळ्यात ही यायची. ती दुसरी बिचारी हिला कुंकू लावनार, घास देनार. आन ही गळ्यात बसून तिला सांगू बी शकायची न्हाय, काय झालं ते."

शैलाला स्थळं येत आणि पाय पाहून परत जात. तिनं पंचविशी ओलांडली तेव्हा अण्णांचा मावसभाऊ बापू एक स्थळ घेऊन आला. बापू जमिनीचे आणि लग्नाचे, दोन्ही व्यवहार जुळवायचा. स्थळ शिरोळच्या बाजूच्या एका गावातलं होतं. नदीकाठची उसाची जमीन, ट्रॅक्टर, स्लॅबचं नवं घर. मुलगा बिजवर. पहिली बायको अटॅकनं गेली, मूलबाळ नाही. घरात मुलगा आणि त्याची आई, एवढीच माणसं. "पायाचं सांगितलंय मी," बापू म्हणाला. "म्हातारी म्हनती, आमाला पळवायची हाय का पोरगी? काय देऊ नका. नारळ आन पोरगी."

अण्णांनी त्याच बैठकीत मान डोलावली. शैला उठून आत गेली. मग बापू धाकलीकडं वळला, "वैनी, तोंड गोड करा की."

"अक्काला इचारून सांगतो."

"आता हितं बी?" अण्णा चिडले. "मेल्याली बाई काय सांगनार हाय?"

"तिची पोर हाय," धाकली म्हणाली.

पुढच्या रविवारी पाहुणे आले. मुलगा तिशी उलटून गेलेला, पांढरा शर्ट, हळू आवाज. त्यानं शैलाला एकच प्रश्न विचारला. नोकरी सोडशील का, स्वयंपाक येतो का, यातलं काही नाही. त्यानं विचारलं, "मैत्रिणी लई हायत का? पत्रं-बित्रं लिवायची सवय?" शैलानं नाही म्हणून सांगितलं. त्यानं समाधानानं मान हलवली आणि पोह्यांची बशी उचलली.

त्याची आई अंगानं भरलेली, बोलण्यात मऊ. शैलाला ती आल्यापासून 'माझं लेकरू' म्हणत होती. चहा झाल्यावर धाकलीनं तिला विचारलं, "टाक केलाय न्हवं तुमच्या थोरलीचा?"

बाईंचा कप बशीत ठेवताना वाजला. "केलाय की. आमच्यात सगळं रीतसर असतंय. देव्हाऱ्यात हाय."

"आनला असता तर बघितला असता."

"लग्नात बांधायचाच की. तवा बघा."

"घर बघायला यीन तवा बघतो," धाकली म्हणाली.

घर बघायला जाताना तिनं मला बरोबर घेतलं. अण्णा आणि बापू पुढं, आम्ही दोघी मागं, अशी भाड्याची जीप. शैलाला आणायची नाही, असं धाकलीनं सांगितलं होतं. इचलकरंजी मागं पडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस लागला. तोडणीला आलेला, डोक्याच्या वर गेलेला. रस्ता त्यातून फक्त पुढं दिसत होता. मुख्य रस्ता सोडून गाडी कच्च्या वाटेला लागली तेव्हा बापू म्हणाला, "मळ्यातच घर हाय. शांत एकदम. हाक मारली तर ऐकायला कोन न्हाय." त्यानं हे कौतुकानं सांगितलं होतं. धाकलीचा अंगठा गळ्याशी गेला आणि घर येईपर्यंत तिथंच राहिला.

घर चांगलं होतं. अंगणात ट्रॅक्टर, गोठ्यात दोन म्हशी, सोप्याला फरशी. बाईंनी सगळं फिरवून दाखवलं. स्वयंपाकघरात ओट्यावर नवी गॅसची शेगडी होती. तीन भिंतींचा चुना जुना, एकीला खालपासून छतापर्यंत ताजा निळा ऑइलपेंट. धाकलीनं भिंतीकडं पाहिलं नाही. ती दाराशी थांबली. दाराच्या आतल्या अंगाला कडी नव्हती. कडी होती त्या जागी चार भोकं लांबी भरून बुजवली होती. बाहेरच्या अंगाची कडी मात्र नवी, चकचकीत होती.

"म्हशी आत शिरत्यात," बाईंनी न विचारताच सांगितलं. "म्हनून भायनं कडी."

देव्हारा मधल्या खोलीत होता. खंडोबा, अंबाबाई, दोन-तीन जुने टाक. कोपऱ्यात लाल कापडाची छोटी पुरचुंडी. धाकली खाली बसली. तिनं आपला टाक पदराबाहेर काढला आणि म्हणाली, "तुमच्या थोरलीला जरा माझ्या हातात द्या. आमच्या अक्काची तिची भेट घालतो. पोरगी हिची हाय, जानार तिच्या जागी हाय. दोघींची वळख झालेली बरी."

अशी काही रीत नाही. ती धाकलीनं तिथं बसल्या बसल्या तयार केली होती. पण बाईंना नाही म्हणता येईना. माणसांसमोर त्या कितीही बोलल्या असत्या. हा विषय माणसांचा नव्हता. त्यांनी मुलाकडं पाहिलं. तो दारात उभा होता. मग त्यांनी पुरचुंडी उचलली. उघड्या हातानं नाही, बोटांना पदर गुंडाळून. ती धाकलीच्या तळव्यावर ठेवली आणि हात लगेच मागं घेतला.

धाकलीनं कापड सोडलं. टाक पाहिला नाही. वीस-पंचवीस वर्षांची सवय होती, तिनं त्यावर अंगठा ठेवला. अंगठा वरून खाली गेला. थांबला. मग बाजूला सरकला आणि पुन्हा वरून खाली गेला.

"ह्या दोघी कोन?" तिनं विचारलं.

मी वाकून पाहिलं. पत्रा रुंद होता. त्यावर शेजारी शेजारी दोन बायका उभ्या होत्या. पाय जुळवलेले, हात अंगालगत.

"एक आमची सून," बाई म्हणाल्या, "आन एक देवी. आमच्यात जोडटाक असतोय."

"देवीच्या हातात हत्यार असतंय," धाकली म्हणाली. "हिच्या हातात काय न्हाय."

 बापूनं खाकरून घसा साफ केला. धाकलीचा आवाज चढला नव्हता. शेजारणीला विचारावं तसं तिनं विचारलं, "पयली गेली तवा तिचा टाक केला असंल. दुसरीच्या गळ्यात बांधला असंल. मग त्यो कुटं हाय? ह्यो तर नवा दिसतोय."

बाईंचं तोंड उघडलं आणि खोटं सुचायच्या आधी खरं निघून गेलं. "त्यो खराब झालाता."

"चांदी खराब व्हत न्हाय, बाई. काळी पडली तरी घासली की उजळती. जाळात सापडली तरच जाती."

मुलगा दारातून आत आला. त्यानं धाकलीच्या हातातून टाक घेतला नाही, तो नुसता तिच्याजवळ येऊन उभा राहिला आणि हळू आवाजातच म्हणाला, "उशीर करू नका. ऊस हाय, रस्ता दिसत न्हाय मागनं." अजून दुपार होती. धाकलीनं टाक कापडात बांधला, देव्हाऱ्यात होता तिथं ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि उठली.

परत येताना जीपमध्ये मी तिला विचारलं, की एक मृत्यू लपवायचाच होता, तर दोघींचा टाक केला कशाला? एकीचाच केला असता तर कुणाला कळलं असतं?

"मानसांस्नी न सांगता ऱ्हाता येतंय," धाकली म्हणाली. "मेल्यालींस्नी गाळता येत न्हाय. गाळली तर ती घरात फिरंल, असं म्हातारीला वाटतंय. बघितलं न्हाईस, पदर गुंडाळून हात लावत व्हती? सगळ्या गावाला फसवलं तिनं. त्या दोघींस्नी फसवायची छाती झाली न्हाय."

खरी झोंबाझोंबी घरी आल्यावर झाली. अण्णांना ते स्थळ सोडवत नव्हतं. दोन बायका मेल्या यात मुलाचा काय दोष, असं त्यांचं म्हणणं. आपण शब्द दिलाय. शैलाला यापुढं कोण करणार? बापूनं तर सरळच सांगितलं, "अण्णा, बाईच्या अंधश्रद्धंवर सोन्यासारखं स्थळ मोडताय. चांदीच्या पत्र्यावरनं का कुठं अंदाज बांधत्यात?"

शैला उंबऱ्यात उभी होती. इतक्या दिवसांत या स्थळाबद्दल ती प्रथमच बोलली. "दुसरीचं नाव काय होतं, बापूकाका?"

 बापूला पहिलीचंही माहीत नव्हतं.

"नावाला काय करायचंय?" अण्णा ओरडले. "मी बाप हाय. मी ठरवलंय. येत्या गुरुवारी सुपारी फोडायची."

धाकलीनं मान खाली घातली. मला वाटलं, ती आता नेहमीचं वाक्य म्हणेल. तिनं दोन्ही हात मानेमागं नेले आणि टाकाच्या दोऱ्याची गाठ सोडली. लग्नापासून टाक गळ्यावेगळा झालेला नव्हता. दोरा जुना झाला की नवा आधी बांधायचा आणि मग जुना कापायचा, असा तिचा नेम होता. गाठ सुटल्यावर तिच्या गळ्यावर त्या जागी एक फिकट पट्टा दिसला. तिनं टाक अण्णांपुढं धरला.

"घ्या," ती म्हणाली. "मी आजवर हिला काय बी लपवलं न्हाय. पोरीला ताप आला तर सांगितलं, पोरगी पास झाली तर सांगितलं. पोरगी कुटं देतोय ते मला सांगता याचं न्हाय. तुमी ठरवलंय, तुमीच सांगा. गळ्यात बांधा आन सांगा."

अण्णांनी हात पुढं केला नाही. टाक अधांतरी लोंबत राहिला. ज्या पत्र्याची त्यांना एवढी वर्षं लाज वाटली, त्याच्याकडं त्यांना पाहवेना. बापू म्हणाला, "घे की, अण्णा, काय खातोय व्हय त्यो?" अण्णा म्हणाले, "तू घे." बापूनं हात पाठीमागं नेले.

 मग अण्णा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "आदी ती बांध गळ्यात. कळवतो त्यांस्नी, जमत न्हाय म्हनून."

धाकलीनं टाक बांधला.  गाठ शैलानं मारून दिली.

ही गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. वर्षभरानं धाकली माहेरी गेली तेव्हा तिला कळलं, की त्याच घरात गडहिंग्लजच्या बाजूची एक मुलगी ठरली आहे. गाव तिच्या माहेरापासून जवळच. ती चालत गेली आणि मुलीच्या आईला भेटली. त्या बाईला तिनं एवढंच सांगितलं, की टाक हातात घेऊन बघ, त्यावर किती जणी आहेत ते मोज आणि मग ठरव. मुलीच्या भावानं तिला दारातूनच वाटेला लावलं. तो म्हणाला, "मावशी, आमी असलं कायबी मानत न्हाय. टाक-बिक बांधायचाच न्हाय असं त्यांनी सोताहून सांगितलंय. सुधारल्याली मानसं हायत." परत आल्यावर धाकली मला म्हणाली, "शानी झाली म्हातारी. आता गळ्यात बांधतच न्हाय. देव्हाऱ्यातच ठिवती."

त्यानंतर ती रोज संध्याकाळी न्हाणीच्या दारात उभी राहायला लागली, पण 'आज कुनी भाजली काय' हे विचारायचं तिनं बंद केलं. नुसती माझ्या तोंडाकडं पाहायची. मी मान हलवली की आत जायची. असं किती महिने चाललं, ते मला सांगता येणार नाही. एका संध्याकाळी शिरोळहून आलेल्या मजकुरात ते आडनाव होतं. स्टोव्हचा भडका, उपचारादरम्यान. त्या घरात गॅसची शेगडी मी स्वतः पाहिली होती. बातमीदाराला फोन करून मी ते सांगितलं. तो म्हणाला, जबाब झालाय, तिनं स्वतःच दिलाय, स्टोव्हच म्हणालीय. चार ओळी आतल्या पानावर गेल्या. गॅसच्या शेगडीचं मी दुसऱ्या दिवशी जाऊन पोलिसांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढं काही झालं नाही.

घरी आले तेव्हा मी मान हलवली नाही. धाकलीला कळलं. तिनं त्या रात्री ताटातला पहिला घास टाकाला लावला आणि आणखी एक घास ताटाबाहेर काढून ठेवला. तो घास ती पुढं रोज काढत राहिली.

शैलाचं लग्न उशिरा झालं, शहरातच, बालवाडीच्या ओळखीतून. धाकली आणखी काही वर्षं जगली. शेवटी तिला दिसायचं कमी झालं, तरी तिचं काही अडलं नाही. अक्काला ती डोळ्यांनी ओळखतच नव्हती. दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात ती गेली. जायच्या आधी शैलानं विचारलं, "आई, दवाखान्यात नेऊ?" अंगठा गळ्याशी गेला, टाकावर थांबला आणि या वेळी तिनं उत्तर सांगितलंच नाही.

तिचं नाव गंगव्वा होतं. ते मला तिच्या तेराव्याला कळलं.

अण्णांनी तिसरी केली नाही, तेव्हा तिचा टाक कुणाच्या गळ्यात जाणार नव्हता. शैलानं ठरवलं, की देव्हाऱ्यासाठी आपण आपल्या दोन्ही आयांचा मिळून एक टाक करू. आम्ही दोघी सराफांच्या गुजरीत टाक करणाऱ्या एका म्हाताऱ्या सोनाराकडं गेलो. तो बाईचा ठसा ठेवून त्यावर चांदीचा पत्रा ठोकायचा. एक आकृती हवी तर एकदा, दोन हव्यात तर पत्रा सरकवून दुसऱ्यांदा. शैलानं त्याला समजावून सांगितलं, एकाच पत्र्यावर दोघी, शेजारी शेजारी.

"व्हतंय की," सोनार म्हणाला. "पयल्यांदा न्हाय करत मी. मागं शिरोळकडची एक म्हातारी आलती. तिला तर तिघी पायजे व्हत्या एका पत्र्यावर. सुना म्हनं तिच्या. मी म्हनलं, बाई, एवढा पत्रा पुरतोय तिघींस्नी, बरूबर बसत्यात. तर न्हाय म्हनाली."

शैलानं माझ्याकडं पाहिलं. सोनार चांदीचा तुकडा उजेडात धरून मापत होता.

"म्हनाली, पत्रा जरा रुंद घ्या."